जागेपणाची पट्टी

सर्जेराव केसऱ्यांनी चोवीस वर्षं बस चालवली आणि पुढची सहा वर्षं बस आपली आपण चालताना बघितली. नोकरी तीच, खाकी तीच, कोल्हापूर ते रत्नागिरी हा रस्ताही तोच. बदललं एवढंच, की घाटवाहिनी परिवहन कंपनीनं नव्या गाड्या आणल्या. कॅमेरे आणि रडार यांच्या जोरावर या गाड्या आंबा घाट एखाद्या मुरलेल्या डायव्हरसारखा उतरत. तरी चालकाच्या जागेवर माणूस बसलाच पाहिजे, असा कायदा होता. गाडीला काही उमगलं नाही तर त्यानं ब्रेक मारायचा, स्टेअरिंग हातात घ्यायचं. एरवी हात मांडीवर ठेवून समोर बघत बसायचं. कंपनीच्या कागदांत या माणसाला 'साक्षी-चालक' म्हणत. मलकापुरात, म्हणजे सर्जेरावांच्या गावात, त्याला 'बैठा डायव्हर' म्हणत आणि वर हसत.

ऐकायला हे काम सोपं वाटतं. करून बघा. रस्ता समोरून येतोय, मागं जातोय, आपण काहीच करत नाही आणि तरी चार तास जागं राहायचंय. पहिल्याच वर्षी दोन साक्षी-चालक चक्क घोरताना सापडले. त्यातल्या एकाला तर प्रवाशांनीच रत्नागिरीत हलवून उठवलं. मग दुसऱ्या वर्षाअखेरीस कंपनीनं पट्टी आणली.

पट्टी म्हणजे कपाळावर बसणारी दोन बोटं रुंदीची कापडी फीत, आतून धातूचे टिपके लावलेली. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म प्रवाहांनी बोलतात. एकटीचं बोलणं बाहेर पोचत नाही, पण लाखो पेशी एका तालात आल्या की त्यांची मिळून एक लहर उठते, आणि ती कपाळाच्या कातडीवरही पकडता येते. माणूस डोकं लावून काही सोडवत असला की या लहरी दाट आणि वेगवान असतात. गाढ झोपेत त्या अगदी सावकाश होतात. मधल्या टप्प्यात सेकंदाला आठ-दहा हेलकावे पडतात. माणूस सैलावला, निवांत झाला की ते दिसू लागतात. पट्टीला हजारो नमुने दाखवून शिकवलं होतं, की दाट लहरी म्हणजे लक्ष आणि हेलकावे म्हणजे पेंग. त्याप्रमाणे समोरचा दिवा हिरवा, पिवळा किंवा लाल होई. लाल दिवा मिनिटभर टिकला की पत्र येई, आणि वर्षात तीन पत्रं आली की माणूस कायमचा अपात्र ठरे. साक्षीवर भरवशाच्या पट्टीची नजर असेल तरच गाड्यांनी स्वतः चालायचं, अशीच परवान्याची अट होती.

ही पट्टी बनवली होती सर्जेरावांच्या मुलीनं. शर्वरी कोल्हापुरात कंपनीच्या अवधान विभागात काम करायची, आणि एकोणतिसाव्या वर्षी त्या विभागाची प्रमुख झाली होती. पट्टीबद्दल तिचा मोठा सत्कार झाला, तेव्हा सर्जेराव पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. दुसऱ्या दिवशी पोरीनं केलेली पट्टी कपाळाला लावताना त्यांनी ती आधी डोळ्यांना लावली.

गंमत अशी, की पट्टी लावून सरळ रस्ता बघत बसलं की दिवा पिवळा होई. सर्जेराव डोळे फाडून बघत, जीभ चावत, मांडीला चिमटे काढत. दिवा पिवळाच. उपाय सापडला बाळू सुतारला. हा त्यांचा जोडीदार डायव्हर, वयानं दहा वर्षांनी लहान आणि नको तिथं डोकं चालवणारा. तो म्हणाला, मनातल्या मनात पाढे म्हणा. साधे पाढे दोन दिवस पुरले; ते तोंडपाठ, त्यामुळं डोक्याला ताण नाही, आणि ताण नाही तर दिवा हिरवा नाही. मग बाळूनं जत्रेत उजळणीचं एक जुनं पुस्तक मिळवलं. त्यात पणजोबांच्या काळातले अपूर्णांकांचे पाढे होते: पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी. ते सगळ्या डेपोनं वाटून घेतले. पन्नाशीची माणसं 'सतरा दीडे साडेपंचवीस' करत घाट उतरू लागली. एक पाढा पाठ झाला की दिवा कुरकुर करी आणि माणसं पुढच्या पाढ्यावर जात. त्या वर्षी 'सर्वोत्तम अवधान' म्हणून कंपनीनं याच डेपोला ढाल दिली.

घरी मात्र सर्जेरावांचं डोकं भणभणत असे. दोडक्याची भाजी केलीय की गवारीची, हे बायकोनं, रंजनानं, विचारलं तर सांगता येत नसे. बायको शेजारणीच्या लेकीचं लग्न ठरल्याचं सांगतेय आणि नवरा ओठ हलवत अडीचकी म्हणतोय, असं चाललेलं. ती एकदा वैतागून म्हणाली, की सवत आणली असती तरी एवढा राग आला नसता. निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

मग एका दुपारी साखरप्याच्या अलीकडं गाडीनं स्वतःच करकचून ब्रेक मारला. काचेसमोर एक सायकलवाला होता, मागं गवताचा भारा बांधलेला. तो बराच लांबून रस्त्याच्या मधूनच येत असणार. सर्जेरावांना तो ब्रेक लागेपर्यंत दिसलाच नव्हता. दिवा हिरवागार होता आणि ते तेरा औटांवर होते. सायकलवाला शिव्या घालून निघून गेला. चोवीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडंसुद्धा आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पाढे सोडले.

डोकेदुखीसाठी ते आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या लतिका सिस्टरनी रक्तदाब बघितला, गोळी दिली आणि बुधवारी सकाळी बसायला या म्हणाल्या. कशाला, तर श्वासाकडं बघायला. सर्जेरावांना हसू आलं. श्वास काय बघायची गोष्ट आहे? पण रंजनानं त्यांना हाताला धरून नेलं. सतरंजीवर दहा-बारा माणसं होती. सिस्टरनी सांगितलं ते एवढंच: श्वास आत जातोय, बाहेर येतोय, तिकडं लक्ष ठेवा. मन जाईल. गेलं हे कळलं की त्याला परत आणा. त्यावर रागावू नका.

पहिल्या दिवशी सर्जेरावांचं मन वीस मिनिटांत रत्नागिरीला जाऊन आलं. पण त्यांनी लहानपणी म्हशी राखल्या होत्या. म्हैस दुसऱ्याच्या रानात शिरली की दगड मारून उपयोग नाही, ती आणखी आत पळते. शांतपणे जाऊन तिला वळवून आणायचं, हे त्यांना ठाऊक होतं. हे काम तसलंच निघालं. तीन महिन्यांत त्यांना त्याची गोडी लागली. डोकं हलकं झालं, झोप लागू लागली. एका रात्री जेवताना भाजीत आज कूट जास्त पडलंय म्हणाले, तर रंजनाला एवढं बरं वाटलं, की तिनं वाटीभर आणखी वाढली.

हेच त्यांनी गाडीत सुरू केलं. श्वासाऐवजी रस्ता. मन गेलं की परत रस्त्यावर आणायचं, एवढंच. आणि रस्ता दिसू लागला. कुठल्या मोरीवर नवं सिमेंट लावलंय, कुठल्या दरडीतून पाणी झिरपतंय, कुठल्या वळणावर टायरचा आवाज बदलतो, हे चोवीस वर्षांत कळलं नव्हतं एवढं कळू लागलं. सर्जेराव मनापासून सुखी होते. दिवा मात्र लाल होता.

पहिलं पत्र आलं. मग दुसरं. दोन्हींखाली शर्वरीची सही होती.

दुसऱ्या पत्रानंतरच्या रविवारी ती घरी येऊन बापासमोर बसली. तिनं सांगितलं, की तिसरं पत्र देण्याआधी तपासणीची फेरी असते, आणि ती फेरी तिनं स्वतः मागून घेतलीय. दुसरा कुणी आला असता तर त्यानं काहीही न विचारता शिक्का मारला असता. मग तिनं विचारलं, की आधी तीन वर्षं दिवा एवढा छान हिरवा होता, तेव्हा तुम्ही काय करत होता?

सर्जेराव उठून पाण्याचा तांब्या भरायला गेले. पाढ्यांचं सांगितलं तर सगळा डेपो उघडा पडणार होता. त्याहून वाईट म्हणजे पोरीची पट्टी खोटी ठरणार होती, ज्या पट्टीवर तिचं नाव उभं होतं. न सांगावं तर कपाळावर 'झोपाळू' असा शिक्का घेऊन घरी बसायचं, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली असताना. तसं बघितलं तर आणखी एक वाट होतीच, आणि ती रंजनानं पोरगी झोपल्यावर सांगितली. "उद्या एक दिवस म्हणा की ते पाढं. पोरगी सोबत हाय. तिला बरं वाटंल, तुमचं बी ऱ्हाईल."

सर्जेरावांनी मान डोलावली.

सोमवारी सकाळी गाडीत चौतीस प्रवासी होते. शर्वरी चालकाशेजारच्या पुढच्या बाकावर टॅब घेऊन बसली. मलकापूर सुटलं तसं धुकं दाटू लागलं. सर्जेरावांनी अडीचकी धरली. एकोणीस अडीचं साडेसत्तेचाळीस. दिवा हिरवा झाला. शर्वरीनं सुटकेचा श्वास सोडला आणि बापाकडं बघून हसली. ते हसू बघून त्यांना आणखी जोर आला. अडीचकीवरून ते औटकीवर गेले.

आंबा गाव कधी येतंय म्हणून त्यांनी बाहेर बघितलं, तर गाडी घाटाच्या दुसऱ्या वळणावर होती. गाव मागं पडलं होतं. हॉटेलं, शाळा, फाटा, त्यांना काहीसुद्धा दिसलं नव्हतं. त्यांनी शर्वरीकडं बघितलं. पोरगी काचेला लागून पहिल्या बाकावर बसली होती. गाडी कशावर आदळली असती तर सगळ्यांत आधी तीच. आपली पोरगी पुढं बसवून आपण पाढे म्हणतोय, या विचारानं त्यांना स्वतःची लाज वाटली. मागच्या चौतीस जणांचंही कुणीतरी होतंच.

त्यांनी औटकी सोडून दिली. एक श्वास घेतला, एक सोडला, आणि नजर रस्त्यावर ठेवली. दिवा पिवळा झाला. मग लाल.

"आण्णा, दिवा," शर्वरी हळूच म्हणाली.

"बघितला."

"बरं वाटत नाही का?"

"बरं हाय. रस्ता बघतोय."

ती टॅबकडं बघत राहिली. मिनिट भरत आलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता, हेही सर्जेरावांना कडेनं दिसत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं. पण मन तिकडं गेलं तसं त्यांनी ते वळवून परत रस्त्यावर आणलं.

एका डाव्या वळणाच्या अलीकडं डांबरावर टहाळा पडला होता. धुक्यात हिरवी पानं, चार हात लांबीची फांदी. गाडीनं तो बघितला, पालापाचोळा अशी नोंद केली आणि वेग कमी केला नाही. घाटात पाला पडतच असतो. सर्जेरावांना फांदीचं पांढरं टोक दिसलं. वाऱ्यानं मोडलेली फांदी पिचते, ही कोयत्यानं तोडली होती, आणि उडू नये म्हणून तिच्यावर धोंडा ठेवला होता. त्यांचा पाय ब्रेकवर गेला तेव्हा त्यांनी काही ठरवलं असं नाही. पाय गेला. गाडी थरथरत थांबली, मागं पिशव्या पडल्या, कुणीतरी ओरडलं.

वळणापलीकडं, रस्ता अडवून, सिमेंटचा ट्रक उभा होता. स्प्रिंगचा पाटा तुटलेला. ट्रकवाला चाकाशी उकिडवा बसला होता. घाटात गाडी बंद पडली की मागं टहाळा टाकायचा, ही रीत त्यानं पाळली होती. ती रीत कुठल्या नियमात लिहिलेली नाही, त्यामुळं गाडीला कुणी शिकवलीच नव्हती. कंपनीच्या लोकांनी पुढं दोन दिवस आकडेमोड करून सांगितलं, की गाडी आपली आपणही थांबली असती, ट्रकच्या हातभर अलीकडं. रस्ता ओला असल्यास सांगता येत नाही, असं त्याखाली बारीक अक्षरात होतं. त्या दिवशी रस्ता ओला होता.

प्रवासी उतरून ट्रक बघायला गेले. शर्वरी जागची हलली नाही. दिवा अजून लाल होता. तिनं टॅबवर गेल्या पाच मिनिटांच्या लहरी मागं नेल्या आणि शेजारी कॅमेऱ्याचं चित्र लावलं. टहाळा धुक्यातून पहिल्यांदा दिसतो तिथं चित्र थांबवलं. त्या क्षणापासून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात सर्जेरावांच्या निवांत हेलकाव्यांमधून एक उंच लहर उठली होती. ती काय आहे हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. अनपेक्षित काही समोर आलं आणि मनानं ते टिपलं, की मेंदू असं उत्तर देतो. पेंगणारा मेंदू असं उत्तर देत नाही.

मग ती आणखी मागं गेली. आंबा गावात एक कुत्रं आडवं आलं होतं, गाडीनं वेग कमी केला होता, दिवा हिरवा होता. तिथं काहीच उठलं नव्हतं.

"आण्णा, आंबा गावात कुत्रं आडवं आलं, ते बघितलं?"

"कुत्रं?" सर्जेरावांना खरंच आठवेना.

"तेव्हा काय करत होता?"

आता लपवून काही उपयोग नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं, पाढे, उजळणीचं पुस्तक, सायकलवाला. बाळूचं नाव तेवढं घेतलं नाही. शर्वरी ऐकत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले. पट्टीला शिकवायला तिनं कॉलेजची पोरं बोलावली होती. लक्ष देणाऱ्या माणसाचा नमुना हवा, पण रिकाम्या खुर्चीत बसून माणूस लक्ष कशाकडं देणार? म्हणून तिच्या लोकांनी त्यांना काम दिलं होतं: हजारातून सात वजा करा, मग आणखी सात, आणखी सात. पोरांनी कपाळाला आठ्या घालून वजाबाक्या केल्या आणि पट्टी त्या आठ्यांनाच लक्ष समजायला शिकली. तीन वर्षं एक्केचाळीस गाड्या घाटातून जात होत्या आणि पट्टी एवढंच सांगत होती, की आतला माणूस गणित करतोय.

"मीच चुकले," ती म्हणाली.

टॅबवर अहवालाचा कागद उघडा होता. चालक अपात्र, चालक पात्र; आणि सगळ्यांत खाली, आजवर कुणी न वापरलेला तिसरा पर्याय, पट्टी अविश्वसनीय. तो भरला की त्याच क्षणी सगळ्या गाड्या हातानं चालवायचा हुकूम निघणार होता. त्यानंतर चौकशी, आणि चौकशीत पहिलं नाव तिचंच.

सर्जेरावांना ते वाचता आलं. त्यांनी टॅबवर हात ठेवला.

"माझं लिव, अपात्र म्हणून. तीन वर्सं ऱ्हायल्यात, बसतो घरी. तू पट्टी गुपचूप दुरुस्त कर. तुझं नाव हाय त्याच्यावर."

"आणि दुरुस्त होईपर्यंत?"

सर्जेरावांनी मागच्या रिकाम्या बाकांकडं बघितलं.

"आण्णा, तुम्ही ब्रेक मारला तेव्हा मी दिव्याकडं बघत होते," शर्वरी म्हणाली. "काच माझ्यासमोरच होती, पण मी रस्ता बघितलाच नाही."

तिनं त्यांचा हात बाजूला केला, तिसरा पर्याय भरला, सही केली आणि पाठवून दिला.

पाच मिनिटांत वरच्या साहेबांचा फोन आला. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय लिहिलंय, असं ते विचारत होते, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी. तिन्ही वेळा ती हो म्हणाली. सर्जेरावांना वाटलं, फोन हिसकावून घ्यावा आणि साहेबाला चार शब्द ऐकवावेत. पण हे तिचं बोलणं होतं. फोन ठेवल्यावर त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं, आणि मिनिटभरानं समोरच्या पडद्यावर हुकूम उमटला: गाडी पुढील सूचनेपर्यंत हातानं चालवावी.

सर्जेरावांनी पट्टी काढून खिशात ठेवली आणि स्टेअरिंग धरलं. प्रवाशांमधल्या एका आजोबांनी विचारलं, की येतं ना चालवायला? गाडीभर हशा झाला. सर्जेरावही हसले. पहिली दोन वळणं हात जरा अवघडले, मग हातांना सगळं आठवलं.

रत्नागिरीत बापलेकीनं मासे खाल्ले. शर्वरीनं पुढच्या पट्टीचं सांगितलं: अधूनमधून समोर बारीकसा ठिपका चमकवायचा आणि मेंदू उत्तर देतो का ते बघायचं. निवांत माणूस देईल, पेंगणारा देणार नाही, आणि पाढे म्हणणाराही देणार नाही. ती पट्टी आपल्याला करू देतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी सांगताना तिचे हात उत्साहानं हलत होते, आणि सर्जेरावांना ते बघून समाधान वाटत होतं.

परतीला ती पुन्हा पुढच्याच बाकावर बसली. टॅब पिशवीत होता. बाप गाडी चालवताना तिनं कॉलेजात गेल्यापासून बघितलाच नव्हता. साखरपा गेलं, चढ सुरू झाला. ती थोडा वेळ रस्ता बघत होती, मग दरी, मग तिची मान काचेला टेकली. अर्ध्या घाटात ती गाढ झोपली होती. सर्जेरावांनी आरशात एकदा बघितलं आणि वळणं आणखी सैल घेतली.

मलकापुरात ती उतरणार होती. रंजनाला फोनवर सगळं कळलं होतं, म्हणून ती स्टँडवरच येऊन उभी होती, लेकीला घरी न्यायला. तिनं काचेतून झोपलेल्या पोरीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. काच वाजवायला तिनं हात उचलला, तेव्हा सर्जेरावांनी खुणेनंच सांगितलं, असू दे. रंजनानं हात खाली घेतला. चार माणसं चढली, दोन उतरली, आणि सर्जेरावांनी गाडी कोल्हापूरकडं इतकी अलगद सोडली, की पोरीची मान जरासुद्धा हलली नाही.